फ्रीजरमधला पेस्टो

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं हिरवं कशाला केलंस?" आता पेस्टो हिरवा नाही करायचा तर काय जांभळा करायचा? तुम्हाला सांगते, बाल्कनीत बेसिल असं माजलं होतं की कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. नवरा म्हणाला, उपटून टाक. पण मी ऐकते होय? पानं खुडली, धुतली, टॉवेलवर पसरून कोरडी केली, आणि कोरडी म्हणजे खडखडीत कोरडी, पाणी राहिलं की बुरशी आलीच म्हणून समजा, मग लसूण, बदाम, ऑलिव्हचं तेल, आणि मिक्सर नुसता भुर्रर्र... थांब... भुर्रर्र... थांब, कारण सलग फिरवला की तापतो आणि पानं काळी पडतात, आणि दर थांब्याला नवरा बाहेरून विचारतोय, मिक्सर बिघडलाय का गं?

चाखून काय म्हणाला माहितीये? "वेगळं आहे." वेगळं! इतक्या वर्षांच्या संसारानंतर 'वेगळं' म्हणजे काय ते मला कळत नाही होय? लेकीनं तर पास्त्यावरचा पेस्टो चमच्यानं असा कडेला सारला, जसं काही पास्त्यावर शेवाळ आलंय. माझं म्हणणं एवढंच होतं हो, की या घरात मी केलेल्या नव्या पदार्थाला एकदा, फक्त एकदा, कुणीतरी आपणहून म्हणावं, अजून आहे का? फार मागितलं का मी?

बरं, उरलेला बरणीत भरला, वर बोटभर तेल ओतलं, हवा लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहते तर तेल गायब! सासूबाईंनी निथळून काढलेलं. म्हणे, तेलकट झालं होतं गं, म्हटलं सुधारून ठेवावं. पेस्टो वरून काळाठिक्कर! दुसरी असती तर हात टेकले असते. पण मी ऐकते होय? वरचा थर खरवडला, खालचा पिशव्यांत भरला, लाटण्यानं सपाट केल्या, चीज खायच्या वेळी घालायचं म्हणून मागे ठेवलं, आणि फ्रीजर उघडला तर आत मटारची पिशवी पसरलेली. खायची नाही हं, सासऱ्यांच्या गुडघ्याची! सुजला की मटार गुडघ्यावर, उतरला की मटार परत फ्रीजरमध्ये. नवरा म्हणाला, बाबांच्या मटारला हात लावू नकोस. लावला! मटार कचऱ्यात, पेस्टो आत.

मग दिवसामागून दिवस गेले, कुणी नावसुद्धा काढलं नाही. मीही इरेला पेटलेली, म्हटलं राहू दे, पण एक ना एक दिवस तुम्हीच मागाल. आणि काल सासरे आपणहून स्वयंपाकघरात आले. इकडेतिकडे पाहत, हळूच म्हणाले, "सूनबाई, ते तुझं हिरवं... फार छान झालंय गं. अजून आहे का?"

डोळे भरून आले हो माझे! म्हटलं, "बाबा, बसा तुम्ही, आत्ता पास्ता टाकते."

"पास्ता कशाला?" म्हणाले. "मटार टोचायचे गं. हे कसं सपाट, गुडघ्यावर चपखल बसतं. आता दुसऱ्या गुडघ्यालाही एक दे."

नवरा पोट धरधरून हसतोय. म्हणतो, अगं, बाजारात बर्फाची पिशवी मिळते, बंद कर आता हा कारखाना. पण मी ऐकते होय? सकाळीच नवीन पानं खुडलीत. काय करणार, एवढं एकच तर गिऱ्हाईक आहे माझं!