पंचवीसची लेन्स

अझेता : एकशे पस्तीसची लेन्स नको म्हटलं ना! ठेव ती पेटीत.

ड्रामान : तिच्यातून ट्रक कसा दिसतो ते बघ तरी. मी इथे कडेला सावलीत खुर्ची टाकून बसतो. ट्रक तिकडे लांब, पण पडद्यावर वाटेल की अंगावरच आला.

अझेता : आल्यासारखा वाटतो, पण येत नाही. जागच्या जागी थरथरतो नुसता. आपल्या सिनेमातला बाप रस्त्यात पडलाय, त्याच्या डोळ्यांनी बघायचंय मला. आधी ट्रक एवढासा. बराच वेळ एवढासाच. आणि मग एकदम आभाळच नाही. हे पंचवीसच्या लेन्सचं काम आहे.

ड्रामान : म्हणजे बाप पडलाय तिथे आता मी पडायचं.

अझेता : तुम्हा सामो लोकांना माझ्या आज्याने विकत घेतलं ते कशासाठी? पड.

ड्रामान : तुझा आजा! आमच्या अंगणात कोंबड्या राखायचा तो. ते करून चोरायचा त्या वेगळ्याच.

अफी : जरा गप्प बसाल का दोघं? आवाज मी टिपतेय. सगळ्या शिव्या माझ्या कानात ओतल्या जातायत.

अझेता : तू परदेशातली, लोमे शहरची, अफी, तुला विचित्रच वाटणार. मी मोशी जमातीची, हा सामो. आमच्यात ही चेष्टा बापजाद्यांपासून चालत आलीय. हे कुत्र्याची मुंडी खाणारे, आमच्या मयतालाही येऊन टिंगल करतात.

ड्रामान : तुझ्याही करीन. पण ऐक, अझेता. सिनेमातल्या मुलीचा चेहरा सकाळी पंच्याऐंशीच्या लेन्सने घेतला, तेव्हा मी बिनधास्त होतो. या पंचवीसचा मला भरवसा नाही. लांबचं आणखी लांब दाखवते ती. एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा मिटलेला. ट्रक किती जवळ आला ते मला कळणार नाही. हल्ली तर माझ्या डोळ्यांना दिसतं ते मलाच खरं वाटत नाही.

अझेता : मी आहे ना. ओरडेन, की उठायचं. आणि ड्रायव्हर सालिफ त्या तिकडच्या कडुनिंबापाशीच ट्रक वळवणार आहे. सकाळी दोनदा वळवून दाखवला त्याने.

ड्रामान : रिकामा होता तो.

अझेता : रिकामा ट्रक पडद्यावर उड्या मारतो, असं कोण म्हणालं? तुझ्यासाठी कापूस भरून आणवला.

ड्रामान : म्हणालो खरा.

अफी : धूळ वाढलीय. मला इथून ते झाड दिसत नाहीये.

अझेता : सालिफ याच गावचा आहे. त्याला दिसेल. चल, ड्रामान, ऊन उतरतंय.

(ड्रामान कॅमेरा घेऊन लाल रस्त्यावर पालथा पडतो. लांबून ट्रकचा आवाज.)

ड्रामान : चालू केलाय. सुंदर दिसतंय गं! काडेपेटीएवढा ट्रक, वर सगळं पिवळं आभाळ.

अफी : मला आवाज फार मोठा येतोय.

अझेता : त्या हेडफोनमध्ये सगळंच मोठं.

अफी : तसं नाही. गिअर उतरवलेला नाही त्याने. एवढं ओझं घेऊन वळायचं तर उतरवायला नको?

अझेता : ए मुंडीखाऊ, पुरे झालं. ऊठ!

ड्रामान : गप गं, गुलामाच्या नाती! अजून काडेपेटीच आहे. आता तर कुठे मजा येणार.

अझेता : ऊठ म्हणते ना, गाढवा!

ड्रामान : दे, दे शिव्या. तुझा आजाही असाच बोंबलायचा.

अफी : अझेता, झाड मागे पडलं! तो वळला नाही!

अझेता : ड्रामानदादा, उठा. हात जोडते तुम्हाला. उठा.

ड्रामान : काय म्हणालीस?

(ट्रकची प्रचंड धडधड, काहीतरी चिरडल्याचा आवाज, आणि सगळीकडे नुसती धूळ.)

अफी : मला काही ऐकू येत नाहीये. कोणीतरी बोला. अझेता, बोल ना काहीतरी!

ड्रामान : इकडे. रस्त्याकडेच्या चरात आहे मी. कॅमेरा गेला.

अझेता : लागलं का तुम्हाला?

ड्रामान : कोपर सोललंय. आणि हे ‘तुम्हाला’ बंद कर, भीती वाटते. एक सणसणीत शिवी हाण बघू.

अझेता : सुचत नाही, दादा.