चोवीस अक्षरांचं कुलूप

दाताच्या दवाखान्यात शिक्षिका ठणकता गाल धरून बसली होती. शेजारी बसलेल्या एका आजी-आजोबांचं बोलणं चाललं होतं.

"घरचा सर्व्हर एकदम कडेकोट केलाय. चोवीस अक्षरांचा पासवर्ड!"

"मग सकाळपासून चेहरा का पडलाय?"

"आठवत नाहीये गं."

"लिहून ठेवला असेल ना?"

"ठेवलाय. सर्व्हरवरच."

"धन्य आहे तुमची!"

"आपल्या लग्नाचे फोटोही आतच अडकलेत."

"अहो, मला पाठ आहे."

"तुला?"

"टाइप करताना मोठमोठ्याने म्हणता. शेजारच्या वहिनींनाही पाठ झालाय. म्हणून दाखवू?"

"अगं, हळू!"

आजींनी तालासुरात चोवीसच्या चोवीस अक्षरं म्हणून दाखवली. शिक्षिका गाल विसरून हसत सुटली.

"झालं! आता नवा ठेवतो."

"ठेवा. या वेळी मनातल्या मनात."