चमेलीला बोलावलंय

केशोरीहून गोंदियाला निघालेल्या एसटीत, मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी प्रेरणा खिडकीशी बसली होती. दारात कंडक्टरची, मुलीला सोबत घेऊन आलेल्या एका बकरीवाल्याशी जुंपली.

“बकरी उतरव खाली.”

“काऊन? म्याडमनं फोन करून गोंदियाले बलावलं तिले.”

“बकरीले?”

“शाळेत म्याडमनं माह्या पोरीले इचारलं, मनातलं कोनाले सांगतेस? पोरगी म्हणे, चमेलीले. म्याडम म्हणे, मंग चमेलीले घेऊन या. हेच चमेली.”

प्रेरणानं तोंडासमोर फाइल धरली.

“घरी कोनासंग बोलत नाही पोरगी?” कंडक्टरनं विचारलं.

“सहा महिने झाले. आताबी पाहा, बकरीच्याच कानात सांगून राहिली.”

“आन् बाप होऊन तू काय करून राहिला?”

“तिकीट मागून राहिलो नं साहेब, बकरीचं.”