उलट्या चालीचं गाणं

आजी : पणजेसासूबाई उलट्या चालल्या, आजेसासूबाई उलट्या चालल्या, सासूबाई उलट्या चालल्या. दोर वळणाऱ्यांच्या घरात उलटंच चालतात. आणि तुम्ही मला विचारता, “आजी, पुढची वाटचाल काय?”

निवेदक : वा! हेच हवं होतं! पण कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश आहे. एवढं राखून ठेवा.

आजी : आजवर राखलंच आहे. भिंतीवर तो दोर कुणी टांगला?

निवेदक : आम्हीच. वातावरणनिर्मिती!

आजी : नायलॉनचा आहे.

निवेदक : रेडिओवर कुठे दिसतो?

आजी : मग टांगला कशाला?

निवेदक : फोटोसाठी. असो. दोर वळायच्या गाण्यातल्या चाकाजवळच्या ओळी तुम्ही म्हणा, उत्तराच्या ओळी आमची गायिका म्हणेल. मागे मंद बासरी.

आजी : दोर वळताना बासरी वाजवायला हात कुणाचे रिकामे होते? नीट ऐका. एक जाऊ चाक फिरवणार. दुसरी कमरेला काथ्या बांधून उलटी चालत जाणार. तिला मागचं दिसत नाही, म्हणून चाकवालीने गाण्यातून सांगायचं आणि तिने गाण्यातून उत्तर द्यायचं. ती ‘भरला दोर’ म्हणेपर्यंत चाकाची मूठ सोडायची नाही. तुमच्या गायिकेला खड्ड्यात पडायची भीती आहे?

निवेदक : इथे गालिचा आहे, आजी.

आजी : मग ती कसलं उत्तर देणार!

निवेदक : मग देणार कोण?

आजी : जिच्याकडे उत्तर बाकी आहे ती. माझी धाकटी जाऊ. आमचा दोराचा कारखाना बंद झाला, त्या शेवटच्या दिवशी मी चाकावरून गाण्यातली हाक दिली. ती उत्तर न देता उलटी चालत जी गेली, ती थेट फाटकाबाहेर. तेव्हापासून बोलणं नाही.

निवेदक : एवढं झालं तरी काय?

आजी : मी म्हटलं होतं, तुझ्या दोराला शेळीसुद्धा बांधू नये.

निवेदक : अरेरे! इतका वाईट होता?

आजी : शेळी बांधून पाहिली नव्हती, एवढं मान्य करते.

निवेदक : मग त्यांच्या घरी जाऊन...

आजी : थोरली धाकटीच्या दारात जात नसते. मात्र तुमचा कार्यक्रम ती चुकवत नाही. नाक मुरडते, पण ऐकते; सूनबाईने सांगितलं. म्हणून आले मी, तुमची संस्कृती वाचवायला नव्हे. तेव्हा फोन मोकळा ठेवा.

निवेदक : आणि नाही आला तर? रेडिओवर शांतता चालत नाही, आजी.

आजी : मला चालते. अंगवळणी पडली आहे.

(लाल दिवा लागतो.)

निवेदक : नमस्कार, श्रोतेहो! ‘सूर मातीचा’, सिमेंटच्या व्यापाऱ्यांच्या सौजन्याने! आज आपल्यासोबत आहेत...

आजी : मागे सर गं, मागे सर, डावीकडे आहे उतार,
नजर माझी तुझ्या पाठी, पाऊल टाक हळुवार.

निवेदक : अप्रतिम! आता... उत्तर येईपर्यंत... थोडी बासरी...

आजी : बासरीला हात लावाल तर त्याच नायलॉनने बांधून ठेवीन.

निवेदक : हॅ हॅ, आजी विनोदी आहेत! आणि... फोन आला! हॅलो, कोण बोलतंय?

धाकटी : आधी तुम्ही गप्प बसा. जाऊबाई, सूर केवढा खाली घेतलात!

आजी : वय झालं. तुझी जीभ मात्र तरुण आहे.

धाकटी : शेळी बांधली होती मी. त्याच दोराने. शेळी म्हातारी होऊन गेली, दोर अजून धडधाकट आहे.

आजी : म्हणजे दोर चांगला होता.

धाकटी : रेडिओवर म्हणताय, जाऊबाई. सगळे ऐकताहेत.

आजी : म्हणूनच म्हणते आहे. तू उत्तर दे.

धाकटी : सरले बाई, सरले मागे, उतार राहिला डावीकडे,
मागचं काही दिसत नाही, तुम्ही दिसता तेवढ्या पुढे.

निवेदक : श्रोतेहो, हा एक ऐतिहासिक...

धाकटी : भरला दोर, जाऊबाई. सोडा मूठ.

निवेदक : आजी? काहीतरी बोला ना. श्रोते वाट पाहताहेत.

आजी : बोलते. आधी मूठ उघडू द्या.