विश्राम चिताऱ्याचा गजेंद्र

मंडळी, एक सांगा. देवापुढे जाताना माणसानं कुठला चेहरा घेऊन जावं? पावडर लावलेला, हसरा? की आत जे चाललंय तोच? उत्तराची घाई नको — आधी विश्राम चितारी ऐका!

संगमेश्वराकडचं एक गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ. उत्सव तोंडावर, आणि सभामंडपात गाभाऱ्यासमोरच्या भिंतीवर गजेंद्रमोक्ष रंगवायचं काम विश्रामकडे. हात असा, की त्यानं काढलेल्या तळ्यात म्हशी उतरल्या असत्या! हसा, हसा. पण गड्याला दारू. नुकतीच सोडलेली. सोडलेली म्हणजे — सकाळी सोडायची, संध्याकाळी ती परत पाय धरायची. ज्याच्या घरी आहे त्याला विचारा.

कथा ठाऊक आहे ना? तळ्यात मगरीनं हत्तीचा पाय धरला. ओढून ओढून हत्ती थकला. शेवटी सोंडेत कमळ उचलून त्यानं नारायणाला हाक मारली — आणि देव धावत आला!

तर हा विश्राम काम कसं करायचा? बायको सुभद्रा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी सुताचं टोक धरून बसायची, दुसरं टोक भिंतीला टेकवून हा खुणा करायचा. पुजारी म्हणाले, "अरे, देवाला दावं लावतोस काय?" विश्रामनं पुढची खूण केली.

उत्सवाच्या सकाळी पडदा काढला. काय तो हत्ती! ताणलेली मान, डोळ्यांत गोळा झालेला जीव. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला. देवस्थानचे अध्यक्ष अण्णा भाट्ये मात्र भडकले.

"विष्णू कुठाय? हा गजेंद्रमोक्ष की गजेंद्राचं मरण? आरतीच्या आत देव काढ, नाहीतर भिंतीला चुना." चुन्याची बादली आलीसुद्धा.

विश्राम भिंतीपुढे आडवा आला. "अण्णा, संध्याकाळ झाली की पाय अजून गुत्त्याकडे वळतात. मी सुटलेलो नाही. देव आला असं खोटं कसं काढू? हाक मारलीय, तेवढी काढली."

अण्णांनी कुंचा चुन्यात बुडवला. तेव्हा सुभद्रा उठली. सुताचं एक टोक तिनं हत्तीच्या कमळावर धरलं, दुसरं अण्णांच्या हातात दिलं. "हे धरा, आणि सूत ताणलं जाईपर्यंत सरळ चला."

अण्णा चालले. गाभाऱ्याचा उंबरा पायाला लागला. वर बघतात तो — समोर नारायण, शंख-चक्र घेऊन, त्या हत्तीकडेच बघत उभा! अहो, भिंतीवर वेगळा देव कशाला? हाक थेट त्याच्याकडे निघाली होती. अण्णांनी कुंचा खाली ठेवला आणि हात जोडले.

पुढे विश्राम सुटला का? सांगतो. रोज संध्याकाळी, गुत्त्याच्या वेळेला, तो त्या हत्तीखाली येऊन बसायचा. रोज, मंडळी. एकदा सुटला आणि घरी गेला, असं झालं नाही. मी तर यालाच भक्ती म्हणतो. त्या माणसापुढे माझी मान लवते.

आणि आपण? इस्त्रीचे कपडे घालून येतो, हात जोडतो, म्हणतो, देवा, सगळं छान आहे. काय छान आहे हो? कुणाचा पाय रागानं धरलाय, कुणाचा सख्ख्या भावाच्या हेव्यानं. तुमचा कुणी धरलाय ते मला सांगू नका, त्याला सांगा. आधी पायाकडे बघा. बघितलंत? आता मान वर करा, आणि जेवढं दुखतंय तेवढ्या मोठ्यानं म्हणा — नारायण!