आतल्या खोलीची वायर

— अहो नाही दादा, व्हायरस नाही तो! विंडोज नाही म्हणून तसं दिसतंय. लिनक्स म्हणतात याला — हो, मीच घातलंय. जुनं विंडोज चालेना झालं तेव्हा देवव्रतने, माझ्या भावाने, पेन ड्राइव्ह दिला होता. तुमची कंपनी नसेल मानत, नसू दे. टीव्हीला नेट जोडलंतच आहे, तर त्याच्याजवळच्या राउटरमधून एवढी एक वायर आत ओढा, बाकी माझं मी बघते. बंद पडलं तर तक्रार करणार नाही, शब्द देते. — मोबाइलवर? माझ्या कार्डाला या खोलीत रेंज कुठेय? गच्चीवर जावं लागतं, तिथे सासूबाई — कोणाचा गं फोन, कशाला गं फोन! आणि उद्या माझी परीक्षा आहे हो, कम्प्युटरवरच द्यायची. पुण्याच्या प्रकाशनाची, घरबसल्या मुद्रितं तपासायच्या कामासाठी. लग्नाआधी तेच करायचे मी. — ह्यांचा लॅपटॉप? तो रोज ह्यांच्याबरोबर महाडला जातो. आणि त्याचा पासवर्ड... जाऊ दे.

बघताय काय? हो, शिलाई मशीनचंच कव्हर आहे. झाकून ठेवते. हे म्हणाले होते, भंगारवाल्याला देऊन टाक, उगाच जागा अडते. मी म्हटलं, दिला. — खोटंच, मग काय! दिवाळीपासून घरच्यांसाठी हे शिलाई मशीन आहे. हसा, मलाही आधी हसू यायचं. आता दार वाजलं की आधी कव्हर ओढायला धावते. तसे हे वाईट नाहीत हो, हातसुद्धा उगारला नाही कधी — नुसतं विचारतात, काय कमी आहे तुला? काय सांगू? काहीच कमी नाही. जीव गुदमरतो माझा, एवढंच. — हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी? ओढा ना वायर. कपाटामागून न्या, दिसणार नाही —

फोन कोणाला लावताय? नियम? ग्राहकाला विचारायचं म्हणजे — अहो, मी उभी आहे ना इथे! अर्जावर नंबर ह्यांचा, कबूल, पण दादा, हात जोडते, ठेवा तो — उचलला?

अहो, कम्प्युटर नका म्हणू. द्या. द्या इकडे!

हॅलो. हो, मीच. — लागला टीव्ही, छान दिसतोय. — कम्प्युटर? तो तर केव्हाच भंगारात दिला नाही का? या वायरवाल्या दादांचा काहीतरी गोंधळ झाला. — छे, आतल्या खोलीत वायर कशाला हो लागेल मला? — बरं. भाकरीच करते.

घ्या फोन. वायर गुंडाळा ती. — गुंडाळा म्हटलं ना! कव्हर राहू दे, कव्हर मी घालते. या तुम्ही.