चाकाच्या गुडघ्यातला गंज

...न्हाई, मला सांगा, माणूस दोन्ही हातांनी, खांदे दुखेस्तोवर स्टेरिंग उजवीकडं ओढून राह्यला, आन् गाडी आपली डावीकडं, तर ह्यात माणसाचा गुन्हा काय? पण मागं बसलेले भागचंद शेठ काय म्हणावं... "कचरू, पुन्हा?" बस, एवढंच. तुम्हाला सांगतो, दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या 'पुन्हा'नं माणूस आतून खलास होतो.

आता मी शेठचा ड्रायव्हर, काल-परवाचा न्हाई. निजामाचं राज गेलं त्या साली हैदराबादच्या कुण्या नवाबाची ही काळी मोटार शेठनं जालन्यात आणली, तिच्यासंगं मला ठेवलं, त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं गाडी सुतासारखी सरळ. आन् औंदा काय झालं देव जाणे, एका खड्ड्यात आदळली आन् तवापासून गाडी आपली डावीकडं. बरं, जावं डावीकडं, पण जागा बघून तरी जावं का न्हाई? जालना सोडून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला काय हाय? शिंदीचं दुकान! तिथं रस्ता जरा कलता, गाडी नेमकी तिथंच ओढ खाणार, आन् बाकड्यावरचे पिणारे हात हलवून म्हणणार, "या कचरूभाऊ, या." मागं शेठ नाकाला उपरणं लावणार.

मी शिंदीला कधी शिवलो न्हाई हो. माझा बाप तिच्यापायी गेला. नुसता वास आला तरी मला त्याचं शेवटचं तोंड दिसतं. हे शेठला कसं सांगावं? आपण होऊन सांगायला गेलं तर माणूस म्हणणार, मी इचारलंच न्हाई, मंग हा सांगून का राह्यला?

त्यात एक दिवस गाडी सरळ कारभारी पाटलाच्या हरभऱ्यात. पाटील बांधावर हुभे, शांतपणे म्हणतात, "कचरू, तुह्या गाडीला हरभरा लई आवडतो काय रे?" त्या दिवशी शेठ उतरले, धोतराला चिकटलेले घाटे काढले आन् म्हणले, "देख भाई, गुरुवारी भोकरदनला जायचंय. गाडी बराबर सरळ गेली तर तू, न्हाई तर चावी बद्रीनाथच्या हातात." बद्रीनाथ म्हणजे मुनीमजींचा भाचा, आजवर बैलगाडी हाकत आल्ता! नोकरीचं जाऊ द्या, हात हायेत, कुठं बी पोट भरीन. पण मंग सारा जालना काय म्हणणार... कचरू बी बापावर गेला. हे मला मरेस्तोवर पुरलं असतं.

मंगळवारी गाडी धर्मराज मिस्त्रीकडं नेली. त्यानं वाकून बघितलं, म्हणला, "डावं चाक वरून भाईर झुकलंय. वरच्या सांध्यात एक तिरका बोल्ट असतो, पाव फेरा दिला की चाक हुभं. दोन मिनटाचं काम." दोन मिनटं! मंगळवार गेला. घासलेट पाजलं, हातोडा मारला, पान्याला लांब पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो, पाइप वाकला, बोल्ट जागचा हालला न्हाई. बुधवारी दुपारी सांधा ज्योत फेकणाऱ्या दिव्यानं तापवला. मंग धर्मराज काय करतो, तर बोल्ट आणखी आवळतो. मी म्हणलो, "आरे, सोडायचा हाय, आवळून काय राह्यला?" तर म्हणतो, "अडलेल्याला आधी त्याच्याच बाजूनं ढकलावं, मंग तो आपलं ऐकतो." आन् खरंच, कुईऽऽ करून हालला. भाईर आला तेव्हा दोघं मांडी घालून त्याच्याकडं बघत बसलो.

गंज तर होताच. पण गंजाखाली लाल थर. त्याच्याखाली पिवळा. मधी नारळाच्या शेंड्या अडकलेल्या. धर्मराजनं बोटानं खरवडून वास घेतला आन् हळूच म्हणला, "कचरू, हा नुसता गंज न्हाई. ही पूजा हाय."

आन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाडबाई. आमच्या शेठाणी. लोक नारळ चाकापुढं फोडतात, पण त्यांचं म्हणणं, गाडीचं चाक म्हणजे पाय, आन् पाय चालतो गुडघ्यावर, तर पाणी गुडघ्याला पायजे. म्हणून सात वर्षं दर अमावस्येला वाकून, कमरेत उसण भरली तरी, हळद-कुंकू आन् नारळाचं पाणी नेमकं त्या सांध्यात!

मंग काय, माझी सुटका झाली. जुना बोल्ट फडक्यात बांधला, नवा घालून चाक सरळ करून घेतलं आन् संध्याकाळी निघालो शेठपुढं ठेवायला... हे बघा, मी पेलो न्हाई, चाक खड्ड्यानं झुकलं आन् तुमच्याच घरच्या भक्तीनं ते तसंच जाम धरलं. वाड्याच्या दारात लाडबाईच हुभ्या. म्हणल्या, "झाली का रे गाडी? मी शेठला बजावलंय, कचरू पिणारा न्हाई, त्याला नजर लागली. म्हणून महिनाभर अमावस्येची वाट बघितली न्हाई, तू कामावर यायच्या आधी रोज एक नारळ फोडला. तुह्यासाठी."

आता बोला. अख्ख्या जालन्यात एका माणसानं माझ्यावर इश्वास ठेवला, आन् त्याच इश्वासानं बोल्ट जाम झाला. फडकं खिशात तसंच राह्यलं.

शेठनं इचारलं, "काय निघालं?" म्हणलं, "गंज, शेठजी. पाणी लागल्तं." शेठनं माझे गंजानं माखलेले हात बघितले. मंग म्हणले, "म्हणजे तू पीत नव्हता." म्हणलं, "न्हाई जी." म्हणले, "गाडी तूच धुतोस ना? मंग कसूर तुहाच. आजपासून त्या चाकाला पाण्याचा एक थेंब लागता कामा न्हाई."

मी मनात हात जोडले. न बोलता काम झालं होतं. तेवढ्यात दारातून लाडबाई म्हणल्या, "बराबर हाय. पाणी बिलकुल न्हाई घालायचं. उद्यापासून दूध घालत जाईन."

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार? म्हणलं, "काकीजी, गाईचं घाला. म्हशीचं लई चिकट असतंय."